माझ्या नमुन्यात आलेली आमची खोली

ज्या माणसाने मला संख्याशास्त्राचं पहिलं अक्षर शिकवलं, त्याच्याशी माझं भांडण आहे. ते आता निवृत्त आहेत. समोरून येताना दिसले तर मी रस्ता ओलांडते. ओळखीतले लोक म्हणतात, सोड आता, एवढी एजन्सी उभी केलीस ती त्यांच्याच शिकवण्यावर ना. खरं आहे. साबणाच्या, चहाच्या, टीव्हीच्या कंपन्यांना इंदूरच्या घराघरात काय चालतं ते मी मोजून देते, आणि मोजायला त्यांनीच शिकवलं. दिल्लीहून आलेल्या सुटाबुटातल्या माणसाशी मी तासभर घासाघीस करू शकते, कारण माझा आकडा पक्का असतो. पण शिकवलं म्हणून सगळं माफ होत नाही. माझ्याकडून काही घ्यायचं असेल तर ते विचारून घ्यावं लागतं.

मी एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा आमची मिल बंद पडून दुसरं वर्ष चालू होतं. आजोबा खानदेशातून मिलच्या नोकरीसाठी इथे आले, आणि बाबा साचेखात्यात लागले, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. आम्ही मिलच्याच चाळीत राहायचो. मिल रीतसर बंद झालीच नव्हती. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं आणि नोटीस कुठे दिसली नाही. मग युनियनच्या लोकांनी ठरवलं की आपण काम सोडलेलं नाही हे रोज दिसलं पाहिजे. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक टेबल मांडलं, त्यावर हजेरीचं रजिस्टर. ज्याची जी पाळी, त्याने त्या पाळीला यायचं, सही करायची आणि पाळी संपेपर्यंत बसायचं. बाबांची पहिली पाळी. सकाळी सातच्या आत डबा घेऊन निघायचे, तीन वाजता परतायचे. रविवारी सुट्टी घ्यायचे. आई शेजारणीला सांगायची, "हे ड्यूटीवर गेलेत." सगळ्या चाळीतल्या बायका असंच सांगायच्या, कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी माळवीत. त्यात खोटं बोलतोय असं कोणालाच वाटायचं नाही. मलाही नाही.

कॉलेजात संशोधनपद्धतीचा पेपर बहुतेकांना नको असायचा. मला तो पहिल्या आठवड्यात आवडला. शिकवणारे सर जुन्या मराठी घरातले होते, त्यांचे पूर्वज दरबारात होते. वर्गात हिंदीत शिकवायचे, पण माझ्याशी मराठीत बोलायचे. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी आणि माझी चाळीतली, अर्धी हिंदी. मी बोलले की ते किंचित हसायचे. मला "तुम्ही" म्हणायचे आणि रागावले की "बाई" म्हणायचे.

सरासरी आणि मध्यक यांतला फरक ते परीक्षेच्या मार्कांवरून समजावत होते आणि वर्ग जांभया देत होता. मला तो नळावर कळला. आमच्या नळावर सकाळी बालद्यांची रांग लागायची. एक दिवस मी मनातल्या मनात त्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्या. शेवटी हलवायाचा पत्र्याचा ड्रम. त्या एका ड्रममुळे सगळ्यांची सरासरी फुगते, आणि बघणाऱ्याला वाटतं या चाळीत भरपूर पाणी भरतात. पण मधली बालदी तशीच राहते. दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं.

"ड्रमच्या जागी टाकी आणून ठेवली तरी मधली बालदी तीच राहते, सर."

ते म्हणाले, "हे मी पुढच्या वर्षी वर्गात सांगणार आहे. चालेल?"

"चालेल."

तेव्हा त्यांनी विचारलं होतं. त्या दिवशी मी चालत घरी आले, टेम्पोत बसले नाही, इतकं मला बरं वाटत होतं.

लघुप्रबंधासाठी विषय त्यांनीच सुचवला: बंद मिलच्या कामगारांची कुटुंबं. "तुम्हाला आत शिरता येईल, दुसऱ्याला येणार नाही." शंभर कुटुंबं म्हणाले. मी चाळिसावर सुरुवात केली. शेवटी साठावर सौदा पटला. ते म्हणाले, "माझ्याशी असं कोणी बोलत नाही." पण हसत होते.

आधी प्रश्नावली तपासून बघायची असते, म्हणून मी ओळखीच्या वीसेक घरांतून फॉर्म भरून आणले. दुपारची वेळ, पुरुष घरी नव्हते, उत्तरं बायकांनी दिली. कुटुंबप्रमुखाची सध्याची स्थिती काय? "ड्यूटी पे गए हैं." मी 'कार्यरत'वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाला गेले. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मिल बंद आहे हे मला माहीत होतं. मी त्याच चाळीत झोपत होते, उठत होते. तरी खूण करताना हात अडखळला नाही, कारण आमच्या घरातही हेच वाक्य रोज म्हटलं जायचं.

सरांनी माझा तक्ता फळ्यावर लिहिला. वर शीर्षक, बंद मिलचे कामगार. खाली, कार्यरत, सगळेच्या सगळे. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "भिया, ऐसी मिल में तो मेरी भी लगवा दो." सगळे हसले. सरही हसले. मग ते खडू फिरवत समजावू लागले. प्रत्येक घराने एकच उत्तर दिलं, म्हणजे विश्वसनीयता आहे. पण जे मोजायचं होतं ते मोजलंच गेलं नाही, म्हणजे वैधता नाही. एकाच वेळी शंभर टक्के पक्कं आणि शंभर टक्के चूक कसं असतं, त्याचं हे उदाहरण. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. त्या वर्गात मिलवाल्याच्या घरची मी एकटी होते.

घरी येऊन मी तो प्रश्न खोडला आणि नवा लिहिला: 'गेल्या सात दिवसांत मजुरी मिळेल असं काम केलं का? हो / नाही.' पळायला जागाच ठेवली नाही. सर म्हणाले, "आता कसा प्रश्न झाला." मला शाबासकी मिळाली आणि मी ती घेतली.

मग नमुना काढायचा होता. चाळीतल्या सगळ्या खोल्यांची यादी केली, प्रत्येकीला क्रमांक दिला. यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावर डोळे मिटून पेन्सिल टेकवली आणि तिथून खाली वाचत गेले. सर शेजारच्या खुर्चीवर होते. साठातली पस्तिसावी की छत्तिसावी खोली लिहिताना माझा हात थांबला.

"सर, ही एक खोली वगळू या."

"का?"

"आमची आहे."

"मग?"

"घरचीच. पूर्वग्रह येईल. मीच विचारणार, माझेच वडील सांगणार."

"मग दुसऱ्याला पाठवा." त्यांनी मागच्या बाकावरच्या त्याच मुलाचं नाव घेतलं.

"तो आमच्या घरी येणार नाही."

"का नाही येणार?"

"मी येऊ देणार नाही."

"मग तुम्ही जा. वगळायची मात्र नाही. आज आपलं घर वगळलं, उद्या ज्याचं उत्तर आवडलं नाही त्याचं वगळाल. मग नमुना कशाला म्हणायचं?"

"एकाच्या बदल्यात दोन घरं करते, सर. तीन करते."

"बाई, हा भाजीबाजार नाही."

त्यांनी मला दुसरा रस्ता दिला होता, हे मी मान्य करते. तो मुलगा आला असता, बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं आणि काही बिघडलं नसतं. पण आमची एक खोली, दोरीवरचे कपडे आणि फाटकावर जाणारे बाबा त्याने बघावेत, हे मला सोसणारं नव्हतं.

एकोणसाठ खोल्या झाल्या. नवा प्रश्न चोख चालला. बायका "ड्यूटी" म्हणायला लागल्या की मी म्हणायची, "मजुरी मिळाली का तेवढं सांगा, भाभीजी, हो की नाही." त्या "नाही" म्हणायच्या. काहींनी पदराने डोळे पुसले. मी पुढचा प्रश्न विचारायची.

आमची खोली मी शेवटी ठेवली. रविवारची सकाळ होती. बाबांना दोन दिवस आधी सांगून ठेवलं होतं. मी फॉर्म घेऊन बसले तर ते उठले आणि बनियनवर शर्ट घालून आले. बटणं गळ्यापर्यंत लावली आणि पलंगावर ताठ बसले.

"विचारा, बाईसाहेब."

आई स्टोव्हपाशी होती. म्हणाली, "माझं कोणी काही विचारत नाही ते."

"फॉर्म कुटुंबप्रमुखाचा आहे, आई."

"मग मलाच विचार ना."

बाबा हसले. असे ते बऱ्याच महिन्यांनी हसले होते. खातं कोणतं, किती वर्षं, आधी काय काम केलं, सगळं सांगितलं. एका वेळी किती साचे सांभाळले ते विचारलेलं नव्हतं, तेही सांगितलं. धागा तुटल्याचं आवाजावरून कसं कळतं ते सांगितलं. एवढ्या सगळ्या साच्यांच्या गोंगाटात आपल्या साच्याचा आवाज वेगळा ऐकू येतो म्हणाले. मी ते लिहून घेतलं नाही, त्याला फॉर्मवर जागा नव्हती. मग तो प्रश्न आला.

"गेल्या सात दिवसांत मजुरी मिळेल असं काम केलं का?"

"ड्यूटीवर जातोय की."

"बाबा, मजुरी मिळेल असं काम."

"तेच सांगतोय. काम चालू नाही, ड्यूटी चालू आहे."

"असं लिहिता येत नाही. हो किंवा नाही."

"मग तिसरा रकाना कर. एवढी शिकलीस, एक रकाना जास्तीचा होत नाही तुझ्याकडून?"

ते गमतीनेच म्हणाले होते. पण मी त्या फळ्यासमोर बसले होते आणि ते बसले नव्हते. माझा आवाज चढला.

"फाटकाबाहेर झाडाखाली बसून बिड्या फुंकायच्या, याला ड्यूटी म्हणतात? मी लिहिलं होतं तसं. तुमच्यासारख्या सगळ्यांना कार्यरत लिहिलं होतं. अख्खा वर्ग हसला."

"तुला हसले?"

"मला कशाला हसतील? तुम्हाला हसले. तुम्हा सगळ्यांना."

आई म्हणाली, "हळू बोल, भिंती पातळ आहेत."

बाबांनी फॉर्मकडे बघितलं. मग हात पुढे करून म्हणाले, "दे. सही कुठे करायची?"

"यात सही नसते."

"मग तू लिही काय ते." आणि उठून शर्ट काढून खुंटीला अडकवला. पुढचे सगळे प्रश्न राहिले. मी फॉर्मच्या कडेला त्यांचं ते ड्यूटीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि वही मिटली.

सोमवारी पावणेसातला त्यांचे साचेखात्यातले सोबती दारात आले, रोज यायचे तसे. "चलो दादा, हाजरी लग जाएगी."

बाबा म्हणाले, "तुम निकलो. आज तबियत ठीक नहीं."

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आई डबा भरायची आणि दुपारी तो डबा घरीच उघडला जायचा. तिसऱ्या दिवसानंतर सोबत्यांनी बाहेरूनच हाक मारली, मग तीही बंद झाली. मी बाबांना म्हटलं, "मी रागात बोलले." ते म्हणाले, "बोललीस ते बरोबर बोललीस." दुसरं काही नाही. मी रोज नवीन काहीतरी सुचवायची: नुसती सही करून या, अर्धाच दिवस बसा, मी फाटकापर्यंत सोबत येते. ज्याला काही नकोच आहे, त्याच्याशी घासाघीस कशी करायची हे मला अजूनही येत नाही. काही आठवड्यांनी युनियनने रजिस्टरात त्यांच्या नावावर रेघ मारली. सतत गैरहजर असलेल्यांची नावं कापायचा त्यांचा नियम होता.

मी फॉर्म सरांपुढे ठेवला. त्यांनी कडेचं वाक्य दोनदा वाचलं.

"हे कोण म्हणालं?"

"वडील."

"बाकीचे प्रश्न?"

"नाही दिली उत्तरं."

"म्हणजे फॉर्म अपूर्ण. तक्त्यात घेता येणार नाही."

"एक रकाना वाढवू या, सर. काम नाही, ड्यूटी आहे."

"एकासाठी रकाना होत नाही. बाकीच्या एकोणसाठांपैकी किती जण असं म्हणाले?"

कोणी म्हणू शकेल असा प्रश्नच मी ठेवला नव्हता. मी वाद घातला, टेबलावर हात आपटला, शेवटी एवढंच पदरात पडलं की तळटीप द्यायची: एक उत्तरदाता, उत्तरं अपूर्ण, गणनेत घेतलेला नाही. लघुप्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. तो बांधून घरी आणला तेव्हा बाबांनी कव्हरवरून हात फिरवला आणि आईकडे दिला. उघडला नाही. उघडला नाही याचं मला बरंच वाटलं.

पुढच्या दोन वर्षांत नवनव्या कंपन्या इंदुरात आल्या आणि प्रत्येकीला सर्व्हे हवा होता. मी आधी एकटी, मग चार मुली घेऊन कामं करू लागले. अशाच एका दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत हिंदीतलं एक संशोधनाचं नियतकालिक हातात आलं. सरांचा लेख होता, बंद मिलच्या कामगारांवर. लेखाची पहिली ओळ बाबांची होती. काम चालू नाही, ड्यूटी चालू आहे, 'एका विणकराच्या शब्दांत'. सगळा लेख त्या एका वाक्यावर उभा केला होता. खाली माझा तक्ता होता, एकोणसाठांचा. माझ्यासाठी शेवटी दोन शब्द होते: 'विद्यार्थ्यांच्या मदतीने'. आकड्यात जो माणूस बसत नव्हता, तो अवतरणात बरोबर बसला होता.

मी अंक घेऊन तशीच त्यांच्या खोलीत गेले.

"तक्ता विभागाचा असतो," ते म्हणाले. "नाव घालायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं."

"आणि हे वाक्य?"

"ते तर तुमचं नाहीच, बाई. तुमच्या वडिलांचं आहे. त्यांची तक्रार असेल तर घेऊन या, मी छापून माफी मागतो."

मी ती तक्रार आणायला घरी गेले. रस्ताभर काय काय लिहून घ्यायचं ते ठरवत होते. बाबा पलंगावर बसले होते, आता ते बहुतेक वेळ तिथेच असायचे. मी अंक उघडून पुढ्यात ठेवला. "बघा, तुमचं बोलणं न विचारता छापलंय."

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून ती ओळ हळूहळू, आवाज काढून वाचली. मग पुन्हा वाचली.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "असंच म्हटलं होतं मी."

"पण तुम्हाला विचारलं का त्यांनी?"

"तू विचारलं होतंस की." पुढचा परिच्छेदही वाचला. "यात हसण्यासारखं काही लिहिलेलं नाही."

"बाबा, ते चोरी करतात आणि तुम्ही..."

"भांडू नको सरांशी. समजूतदार माणूस आहे." त्यांनी पान उलटलं. तक्ता आला. दोन रकाने आणि खाली बेरीज. त्यावर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "यात मी कुठे?"

मी आकड्यांत कधी खोटं बोललेले नाही. कंपन्यांना नको असलेला आकडा तोंडावर सांगितलाय आणि कामं गमावलीत. त्या दिवशी मी खाली वाकले आणि 'नाही'च्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे."

"किती आहोत इथे?"

"एक्केचाळीस."

"मला धरून?"

"धरून."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं. मला वाटलं, मला काढलं असेल इथूनही."

दुसऱ्या दिवशी ते शर्ट घालून बाहेर पडले, दोन वर्षांत पहिल्यांदा. फाटकावरचं टेबल तोवर उठलं होतं, पण चारसहा जण अजून झाडाखाली बसायचे. बाबांनी अंक त्यांना वाचून दाखवला. सोबत्यांनी विचारलं, "इसमें तू कौन-सा है, दादा?" आणि त्यांनी एक्केचाळीसवर बोट ठेवलं. संध्याकाळी बाबा हे सगळं आईला सांगत होते आणि मी त्यांच्याकडे पाठ करून भाजी निवडत होते.

म्हणून सरांशी माझं भांडण तिथेच राहिलं. ते पुढे न्यायचं तर तक्ता उघडावा लागला असता, तळटीप दाखवावी लागली असती, आणि तो विणकर त्या एकोणसाठांत नव्हता हे आधी बाबांना सांगावं लागलं असतं. बाबा त्यानंतर सात वर्षं होते. मी ते सांगितलं नाही.